वैनीची रेघ

सौंसरच्या बाजूला फेब्रुवारी सरता सरता दोन वास एकदम येतात. एका बागेत मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात आणि तिच्या बांधापलीकडे आंबिया बहाराची फुलं फुटलेली. सालीचा झणझणीत वास आणि फुलांचा गोड, जरा डोकं धरणारा वास. सकाळी अंगण झाडायला बाहेर यावं तर वारा दोन्ही घेऊन दारात उभा. लोक म्हणतात, किती छान वास सुटलाय! मी हो म्हणते आणि झाडत राहते. मला हा वास परीक्षेचा वाटतो. मी स्वतः आठवीनंतर कुठल्या परीक्षेला बसले नाही, तरीसुद्धा.

परीक्षा माझ्या दिराची होती. ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षं लोटली असतील. अविनाश नागपूरला आर्किटेक्चर शिकत होता, तिसऱ्या वर्षाला. आमचं घर पांढुर्ण्याला, आणि तिथं तेव्हा हा शब्द कोणाच्या तोंडात नीट बसत नसे. शेजारचे काका त्याला 'नक्शेवाला' म्हणत. "नक्शे काढाले पाच वर्षं?" ते मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारत. "आपला ओव्हरसिअर तं एका दुपारी काढून देते." हॉस्टेलातली पोरं त्याला 'गोटमार' अशी हाक मारायची. पांढुर्ण्याचा म्हटल्यावर त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर फेकले जाणारे दगडच आठवायचे. इकडे नक्शेवाला, तिकडे गोटमार. तो दोन्हीकडे हसायचा, पण नखं खाऊन खाऊन त्याची बोटं लाल झालेली असत.

मी मूळची इकडची नाही. माझं माहेर सांगलीकडे, दोन गाड्या बदलून यावं लागे इतकं लांब. मी नववीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. लांबच्या नात्यातून हे स्थळ आलं. मामाजी पांढुर्ण्याच्या शाळेत हेडमास्तर होते. ते आले, आईच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "पोरगी द्या. बाकी काही नको." आई त्यांच्या पाया पडली. स्टेशनवर गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझा हात धरून सांगितलं, "त्यांचे उपकार विसरू नको. उलटून बोलू नको." गाडीनं वेग घेतला तरी ती तेच सांगत होती.

मी ते इतकं मनावर घेतलं की सकाळी डोळा उघडला की आधी उपकार आठवायचे. ताटात दुसरी भाकरी वाढली की उपकार. इथली बोली ऐकून मी गोंधळायचे. "पाव्हणे जेवून राहिले" म्हटलं की मला वाटे, मुक्कामाला राहिले, आणि मी अंथरुणं काढायला जाई. मामीजी, म्हणजे सासूबाई, पदर तोंडाला लावून हसत. "काय करून राहिली व ही सांगलीची?" त्या हसल्या की मला बरं वाटे. रागावल्या तर नाहीत ना, एवढंच मी दिवसभर बघत असे. माझे यजमान सौंसरच्या तहसिलीत कारकून होते, तिथंच खोली करून राहत आणि शनिवारच्या बसनं घरी येत. आमची चिमी दोन वर्षांची होती. घर मोठं नव्हतं. पण एवढ्याशा घरातही मी सारखी अंग चोरून चालत असे.

अशात दिवाळीच्या सुट्टीत अविनाश लांब फीत घेऊन आला आणि म्हणाला, "वैनी, हे टोक धरा जरा. घर मोजायचं आहे."

पुढचे दोन-तीन दिवस मी टोक धरून भिंतीभिंतीला उभी राहिले. ओसरी, माजघर, सैपाकघर, मोरी, अगदी मागची छपरीसुद्धा. मग त्यानं ओसरीतल्या तख्तावर नकाशे काढायचा फळा मांडला आणि ते सगळं कागदावर उतरवलं. मी पाहिलं तर नुसत्या जाड-बारीक रेघा. "घराचं झाकण काढलं आणि वरून पाहिलं, तर असं दिसेल," तो म्हणाला. मी बराच वेळ टक लावून बसले आणि एकाएकी मला त्या कागदात माझी चूल सापडली. चुलीपासून मोरी, मोरीपासून रांजण. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, "अहो भाऊजी, हे आपलंच घर!" तो म्हणाला, "मग काय कलेक्टरचं असन?"

हे मोजलेलं घर. याच्यापुढं दुसरा कागद असतो, तो बांधायच्या घराचा. कॉलेजनं सांगितलं होतं की ओळखीच्या माणसांसाठी नवं घर काढा. पण आधी त्यांचा दिवस विचारा, कोण कुठून कुठं जातं त्याच्या रेघा काढा. प्रत्येक माणसाला एक रंग. मामाजींना निळा, मामीजींना हिरवा, मला जांभळा. त्यानं मला विचारलं, "वैनी, सकाळी उठल्यापासून सांगा." माझा दिवस मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. मी सांगत गेले, तो रेघा ओढत गेला, आणि सैपाकघरात जांभळा रंग इतका दाट झाला की कागद तिथं दबला. घर कोणासाठी, त्या चौकटीत त्यानं लिहिलं, 'वहिनी'. मामीजींनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "वा रे! माय गेली कुठं?"

आणि मग फेब्रुवारीत ते काम कॉलेजनं परत केलं.

ज्या सकाळी तो ते घेऊन आला त्या सकाळी मी बाहेर बसलेली होते. हल्लीच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. महिन्याचे ते दिवस बाईनं घरात वावरायचं नाही, कशाला शिवायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी मागची छपरी होती. पत्र्याची, तीन बाजूंनी उघडी, एका कोपऱ्यात फुटकी कौलं आणि संत्र्यांच्या मोडक्या पेट्या. तिथं सतरंजी टाकून बसायचं. मामीजी वरून ताटात वाढायच्या. चिमी मधल्या उंबऱ्यापलीकडे उभी राहून दोन्ही हात पुढं करायची आणि रडायची. शिवलीच तर तिचे कपडे काढून तिला न्हाऊ घालायचं, मग ती आणखी रडायची. सगळ्यांत वाईट मला हेच वाटे. पण तेही कोणाला म्हटलं नव्हतं.

अविनाश परसात आला, नेहमीसारखा अंतर ठेवून उभा राहिला. हातात गुंडाळी.

"वैनी, परत केलं त्यांनी. दहा-बारा दिवसांत नवं द्यायचं आहे, नाही तं वर्ष गेलं."

"का हो भाऊजी? काय चुकलं?"

"तेच तं समजून नाही राहिलं! मॅडम म्हणे, कोणासाठी आहे घर? मी म्हटलं, वैनीसाठी. ही जांभळी रेघ त्यांची, सैपाकघरात सगळ्यात दाट. तं म्हणे, महिन्याचे सगळे दिवस? मी म्हटलं, हो मॅडम, सगळे दिवस, एक सुट्टी नाही. पोरं हसली. पोरी खाली पाहायला लागल्या. मॅडम म्हणे, घरी जा आणि नीट पाहून ये. आता काय पाहू? भिंत न् भिंत मोजली आपण, तुम्हीच तं टोक धरून..."

बोलता बोलता तो थांबला. त्यानं सतरंजीकडे पाहिलं. बाजूला काढलेल्या ताटाकडे, तांब्याकडे पाहिलं. मग वर पत्र्याकडे. त्याचे कान लाल झाले. जन्मापासून तो या घरात वाढला होता, आणि आईला, मला इथं बसलेलं पाहू नये असं त्याला इतकं चांगलं शिकवलं होतं की त्याला ते खरोखरच दिसलं नव्हतं.

खालमानेनं तो म्हणाला, "मी या जागेवर 'अडगळ' लिहिलं आहे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "अडगळही असतेच की इथं."

तो हसला नाही.

माझे दिवस सरून मी आत आले तोवर त्यानं तख्तावर ठाण मांडलं होतं. मामाजी येता-जाता फळ्याकडे न बघता बोलत, "वर्ष गेलं तं पटवारीच्या नोकरीचा फॉर्म भरायचा. जागा निघून राहिल्या." शेजारच्या आवारात संत्र्यांच्या पेट्या ठोकायचं काम चालू होतं, दिवसभर खिळ्यांवर हातोडी. तो प्रत्येक ठोक माझ्या कपाळात बसे. जे कॉलेज मी पाहिलं नाही, त्याच्या भीतीनं मला घास जाईना. त्याचं वर्ष गेलं तर माझ्यामुळं जाईल, माझ्यासाठीचं घर काढायला घेतलं म्हणून, असं सारखं मनात.

एका सकाळी त्यानं हाक मारली. "वैनी, या. झालं."

नव्या घराच्या मागच्या अंगाला त्यानं एक खोली काढली होती. पूर्वेला खिडकी. खिडकीबाहेर आमच्या परसातलं लिंबाचं झाड, पानापानानिशी काढलेलं. आत नळ, छोटी मोरी, बसायला ओटा, पुस्तकासाठी कोनाडासुद्धा. "तुमच्या त्या... त्या दिवसांसाठी," तो म्हणाला. "कोणाला पाणी मागायला नको. पावसाचं भ्यायला नको." जांभळी रेघ त्या खोलीत जाऊन छान वळसा घेऊन बसली होती. इतक्या मायेनं माझ्यासाठी कोणी काही केलं नव्हतं. मी म्हणाले, "फार सुंदर झालीय." आणि माझी नजर त्या खोलीच्या दारावर जाऊन अडली.

मामीजी हात पुसत आल्या. "हे काय रे?"

"आई, ही खोली... म्हणजे... बाहेर बसाची."

"बाहेर बसाची खोली आन आत?"

"आत नाही, मागं. हे पाय, खिडकी."

मामीजींनी खिडकीवर बोट ठेवलं. "इथून काय दिसन?"

"लिंब."

"आन पानी?"

"नळ इथंच. कोणाले मागाचं काम नाही."

त्या तख्ताच्या कडेला टेकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी या घरात आली तं एवढीशी होती. पावसाळ्यात छपरी गळे, तं पाट डोक्यावर धरून बसत जाओ. लुगडं वलं. कोनी हात लावाले नाही." पदरानं त्यांनी डोळे टिपले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी मामाजींना तख्तापाशी ओढून आणलं. "नुसतं कागदावर कायले? या उन्हाळ्यात बांधूनच टाका मागं." मामाजींनी चष्मा लावला. तीन वर्षांत त्यांनी पोराच्या कागदाकडे वाकून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि म्हणाले, "हे मात्र कामाचं काढलं बुवा." अविनाशचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. मी दिवा लावायच्या निमित्तानं आत गेले.

आता सगळेच खूश होते. अविनाशचं काम झालं होतं, बापानं शाबासकी दिली होती, मामीजींना आयुष्यभराचं काही मिळाल्यासारखं झालं होतं. खोली माझ्यासाठी होती, तेव्हा मी तर पायाच पडायला हवं होतं. पण शेंगा सोलताना, पोळ्या लाटताना माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत येई. छपरीतून मला चिमी दिसायची तरी. त्या खोलीला त्यानं दार काढलं होतं, दाराला कडी. चिमी त्या दाराबाहेर रडणार. आणि मग, पुढं कधीतरी, मोठी झाल्यावर, दाराच्या आत बसणार. इतकी चांगली खोली असताना कोण म्हणेल, की नको?

मला बोलायला दोन दिवस लागले. दरवेळी तख्तापाशी जायचे, पाणी हवं का विचारायचे आणि परत यायचे. शेवटी मामीजी शेजारी गहू निवडायला गेल्याचं पाहून मी म्हटलं,

"भाऊजी, ती खोली काढून टाका."

"काहून? लहान झाली?"

"नाही. चांगली झालीय. म्हणून."

"चांगली झाली म्हणून काढू?"

"छपरी कधीतरी पडेल भाऊजी. पत्रा उडेल, खांब कुजेल. ही नाही पडणार. तुम्ही केवढी जाड भिंत दाखवलीय. आमची चिमी इथंच बसेल."

त्यानं पेन खाली ठेवलं. "वैनी, मॅडमनं खरं मागितलं आहे. पुन्हा लपवलं तर पुन्हा परत करतील. वर्ष जाईन माझं. आणि बाबा... पाहिलं ना तुम्ही?"

"पाहिलं." मी मोजलेल्या घराचा कागद पुढं ओढला. "दिवाळीत तुम्हीच सांगितलं, एक मोजलेलं घर आणि एक बांधायचं घर. मोजलेल्या घरात छपरी दाखवा. अडगळ खोडून जे आहे ते लिहा, माझी रेघ तिथं न्या. त्यात काही लपवू नका. पण बांधायच्या घरात ते कशाला? ते घर अजून झालंच नाही."

पलीकडं हातोडी चालू होती. मला वाटलं, आता हा रागावणार, आणि बरोबरच आहे. नववी नापासदेखील नाही, नववी अर्धी सोडलेली बाई याला शिकवायला निघाली.

त्यानं दाढीचं पातं काढलं. त्या पारदर्शक कागदावरची शाई रबरानं जात नाही, पात्यानं हलकेच खरडावी लागते. त्यानं दारावर पातं टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. "माझ्यानं नाही होऊन राहिलं," तो म्हणाला. "तुम्हीच खरडा. हळू, नाही तं फाटन."

मी श्वास धरून खरडलं. दार, कडी, भिंती. काळी भुकटी फुंकून टाकली. खिडकी खरडताना मात्र जिवावर आलं. चांगली होती ती.

मामीजींना त्याच संध्याकाळी कळलं. कागदावरची फिकी, खरबरीत जागा त्यांनी बोटानं चाचपली.

"कोनं खोडली?"

"मी," मी म्हणाले. "मला नको, मामीजी."

त्या घरात मी 'नको' म्हटलं ते पहिल्यांदा. आईचा चेहरा गाडीच्या खिडकीत होता तसा डोळ्यांपुढं आला.

मामीजी ओरडल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "तुले मिळून राहिलं होतं, तं नको म्हन्तेस. आमाले कोनी इचारलं बी नाही." आणि आत गेल्या. मामाजींनी पेपर उघडला आणि पेपराआडून म्हणाले, "मग कॉलेजात काय दाखवशीन? कपाळ?"

पुढं बरेच दिवस मामीजी माझ्याशी चिमीमार्फत बोलत. "चिमे, तुह्या मायले सांग, डाळ शिजली." चिमी मला येऊन सांगे, "दाय." शनिवारी यजमान सौंसरहून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाले, "तू बोलली? तू?" जसं काही मी सौंसरची छोट्या रुळांची आगगाडीच चालवून आणली होती. रागावले नाहीत, पण दोन दिवस माझ्याकडे नवीनच कोणी असल्यासारखे बघत राहिले.

अविनाश दोन्ही कागद गुंडाळून नागपूरला गेला. नंतरचे दिवस मला नीट आठवतच नाहीत, फक्त गाडीची शिटी आणि तो दुहेरी वास. इटारसीकडची गाडी गेली की मी दारात. नागपूरकडची आली की पुन्हा दारात. मनात एकच, या पोराचं वर्ष गेलं तर मी या घरात तोंड कसं दाखवू. देवापाशी मी तेव्हा काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

आता मी सौंसरलाच राहते. अलीकडे अविनाश कधी माझ्याकडे आला की सांगतो, अजूनही घर काढायच्या आधी तो घरातल्या बायकांना विचारतो, तुम्हाला काय हवं. त्या नवऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, यांना विचारा. मग तो थांबून राहतो. "वैनी, तुम्ही तं दोनच दिवस घेतले," तो म्हणतो. "लोक वर्ष वर्ष घेतात." मला हसू येतं. ते दोन दिवस माझ्या अंगावरून गेले होते, त्याच्या नाही.

त्या वर्षी होळीला तो आला. ओसरीत पिशवी टाकली आणि म्हणाला, "पास. काठावर."

"काठावर?" मामाजी म्हणाले. पण पटवारीचा फॉर्म त्यानंतर कधी निघाला नाही.

मला त्यानं परसात येऊन सांगितलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले होते. पहिल्यावर जांभळ्या रेघेवरून बोट फिरवत त्या छपरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग दुसऱ्यावरून बोट फिरवलं, ते कुठं थांबलं नाही. त्यांनी विचारलं, "घरी चालतं हे, बाहेर न बसणं?" तो म्हणाला, "नाही, मॅडम. अजून नाही." त्यांनी सही केली.

होळी गेली, ऊन तापायला लागलं, फुलं झडून झाडांवर मुगाएवढी फळं धरली, आणि माझे ते दिवस आले. कागदावर काहीही असो, मी सतरंजी घेऊन मागच्या छपरीत गेले. दुसरं काय करणार होते? मामीजी अजून माझ्याशी सरळ बोलत नव्हत्या. आत त्या कणीक मळत होत्या. चिमी उंबऱ्यापाशी आली, हात पुढं केले आणि तिनं सूर धरला. मी लांबूनच म्हणत होते, "तिथंच थांब हं बाळा, आजीकडे जा." ती जाईना. रडून रडून तिला उचकी लागली.

मामीजी दारात आल्या. हात कणकेचे. आधी चिमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या लिंबाकडे, जो त्या खिडकीतून दिसणार होता. त्यांनी चिमीला कोपरांच्या बेचक्यात उचललं, उंबरा ओलांडला, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"घे," त्या म्हणाल्या. "कान किटवले पोरीनं."

चिमी माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. मामीजींचं मनगट माझ्या हाताला लागलं होतं, त्यांना ते कळलं होतं, मलाही कळलं होतं. मी वाट पाहत राहिले, आता त्या मोरीकडे जातील, अंगावर पाणी घेतील. त्या तिथंच उभ्या राहिल्या. वाकून त्यांनी सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. मग वळल्या आणि आत गेल्या, आणि क्षणभरानं परातीत कणीक आपटल्याचा आवाज आला.